मनाचा आजार उतरला, हे कशावरून ओळखावे?

मागे या पानावर मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी लिहिले होते. त्यानंतर दोघातिघा वाचकांनी आम्हांस गाठून एकच प्रश्न विचारला. साखर उतरली की नाही हे रक्त तपासून कळते, रक्तदाबाला दंडावर पट्टा बांधतात. पण घरातल्या माणसाचे मानसोपचार चालू असतील, तर ते लागू पडत आहेत की नाहीत हे समजावे कसे?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी दर महिन्याला रोग्याला घेऊन जायचे म्हणजे दोन माणसांची रोजी बुडते, बसचे भाडे जाते, गोळ्यांचे पैसे वेगळे. चार-सहा महिने असे गेले की घरात कुरबूर सुरू होते. कोणी दहा दिवसांतच "काही गुण नाही" म्हणून गोळ्या बंद करतो, तर कोणी महिन्याभराने "गुण आला, आता कशाला" म्हणून बंद करतो. दोघांनीही निर्णय अंदाजाने घेतलेला असतो, आणि दोन्ही घरांत आजार पुन्हा उसळतो. तेव्हा उपचाराचे फळ मोजतात कसे, ते येथे जरा सविस्तर सांगतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उदासीनता, अतिचिंता, भ्रम होणे, कानांत आवाज ऐकू येणे यांपैकी कोणताही आजार किती आहे हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. थायरॉइडसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर रक्त तपासतात ते निराळे. लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त वरचेवर तपासतात, आणि लिथियमचे प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान असावे असे पाहतात. पण ते औषधाचे माप झाले, आजाराचे नव्हे. औषध कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विष, म्हणून ती तपासणी.

मग पूर्वी काय करीत? शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वेड्यांची इस्पितळे आपल्या वार्षिक अहवालांत "बरे होऊन गेले", "सुधारून गेले", "तसेच गेले" असे रकाने भरीत. अमेरिकेत १८३० ते १८४० च्या सुमारास काही इस्पितळप्रमुख तर शंभरांतले नव्वद रोगी आपण बरे करतो असे सांगू लागले होते. प्लिनी अर्ल नावाच्या डॉक्टरांनी हे अहवाल नीट तपासले आणि १८८७ मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्यांना आढळले ते असे: इस्पितळे माणसे मोजत नव्हती, डिस्चार्ज मोजत होती. एकच बाई बरी होऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा बरी होऊन गेली, की अहवालात दोन रोगी बरे झाल्याची नोंद होई. काही रोगी अशा रीतीने कित्येकदा "बरे" झाले होते. इस्पितळातून घरी पाठवणे म्हणजे बरे होणे, हा समज तेव्हाचा. आजही आपल्याकडे तो पुरता गेलेला नाही.

पुढे डॉक्टरांनी प्रश्नांची कोष्टके तयार केली. इंग्लंडमध्ये लीड्स येथील मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये उदासीनतेसाठी सतरा बाबींचे कोष्टक काढले. ते डॉक्टरने रोग्याशी बोलून भरायचे. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी एकवीस बाबींचे कोष्टक काढले. ते रोग्याने स्वतः भरायचे. आता सर्वांत जास्त वापरात आहे ते पीएचक्यू-९. ते २००१ मध्ये पुढे आले. गेल्या दोन आठवड्यांतील नऊ गोष्टी त्यात विचारतात: कामात गोडी वाटत नाही का, मन खिन्न असते का, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा उगाच तगमग होणे, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. मुळीच नाही तर शून्य, काही दिवस असेल तर एक, निम्म्याहून अधिक दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. एकंदर गुण जास्तीत जास्त सत्तावीस. पाचाच्या पुढे सौम्य, दहाच्या पुढे मध्यम, पंधराच्या पुढे बरीच तीव्र, वीस आणि त्यापुढे फार तीव्र असे साधारण धरतात. उपचारांनी गुण निम्म्यावर आले तर औषध लागू पडले असे समजतात, आणि पाचाच्या खाली गेले तर आजार उतरला असे म्हणतात. दोन-तीन गुण इकडेतिकडे झाले तर त्यावरून काही ठरवू नये; पाचेक गुणांचा फरक पडला की तो खरा धरण्यासारखा.

येथे कोणी म्हणेल, ही तर परीक्षेच्या पेपरासारखी गंमत झाली. मनाचे का गुण देता येतात? शंका रास्त आहे. ही फूटपट्टी लाकडाची नाही, ती भाषेची आहे. इंग्रजीतील शब्द जसाच्या तसा मराठीत किंवा कोंकणीत आणला तर शेतावरची बाई त्याला काय उत्तर देणार? तिला "उदास आहात का" विचारले तर ती नाही म्हणेल, पण अंग मोडून येते, छातीत धडधडते, जीव कशात लागत नाही, हे सांगेल. म्हणून चांगले भाषांतर करताना एकाने इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे अशी रीत आहे. त्यानंतर प्रत्यक्ष रोग्यांवर ते पडताळून पाहावे लागते. आपल्या शेजारी गोव्यात अशा प्रश्नावल्या वापरून मोठे काम झाले आहे. तेथील समुपदेशक आजाराचे इंग्रजी नाव पुढे न करता "टेन्शन" या सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाने बोलणे सुरू करीत, हे आम्हांस विशेष शहाणपणाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. समजा, औषध सुरू करताना एखाद्याचे गुण अठरा होते आणि सहा महिन्यांनी सहा झाले. औषधाने गुण आला असे म्हणावे काय? येथे शेतकऱ्याने क्षणभर थांबून आपल्या शेताचा विचार करावा. नवे खत घातले आणि भात चांगले आले, तर ते खताने आले की त्या वर्षीच्या पावसाने? हे कळायला शेजारचा एक वाफा खत न घालता ठेवावा लागतो. मनाच्या आजारात तर हे अधिकच खरे आहे, कारण माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत, आणि वाईट दिवसांनंतर काही जण आपोआपही सावरतात. ते श्रेय फुकट कोणाच्या पदरात पडू नये म्हणून शेजारचा वाफा हवा.

गोव्यात असाच शेजारचा वाफा ठेवून डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१० मध्ये "द लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आला. चोवीस दवाखाने घेतले, बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे. निम्म्या दवाखान्यांत थोडे महिने शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक बसवले. त्यांना डॉक्टरांची आणि अधूनमधून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची साथ होती. उरलेल्या निम्म्या दवाखान्यांत नेहमीचेच उपचार. फक्त रोग्याला असा त्रास आहे हे डॉक्टरला कळवले जाई. सुमारे २,८०० रोगी होते. सहा महिन्यांनी पाहिले तर सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी निश्चित आजार असलेल्या शंभरांतले सुमारे ६६ बरे झाले होते, आणि समुपदेशक नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२. शेजारचा वाफा नसता तर ६६ चे सगळे श्रेय समुपदेशकांना गेले असते. खरे श्रेय त्यातल्या तेवीस-चोवीस जणांचे; बाकीचे नेहमीच्या उपचारांनी किंवा काळाने सावरले असते. पण तेवीस-चोवीस म्हणजे थोडे नव्हेत.

याहून उद्बोधक आहे ते खासगी दवाखान्यांतले. तेथे समुपदेशक असोत वा नसोत, दोन्हीकडे शंभरांत चौसष्ट-सहासष्टच्या आसपास रोगी बरे झाले. म्हणजे नव्या पद्धतीने तेथे काही भर पडली नाही. आमच्या मते याचे एक कारण असे असावे की खासगी डॉक्टर रोग्याला नावाने ओळखतो आणि दोन शब्द जास्त बोलतो, तर सरकारी केंद्रात रांग संपता संपत नाही. कारण काहीही असो, मोजले म्हणून हे कळले. न मोजता सगळीकडे समुपदेशक नेमले असते तर निम्मे पैसे जेथे गरज नव्हती तेथे गेले असते.

त्यानंतर २०१७ मध्ये याच मंडळींचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. यात गोव्यातील दहा आरोग्य केंद्रांतील तीव्र उदासीनतेचे ४९५ रोगी होते. त्यांतील निम्म्यांना समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. उपचार असा की सुटलेली लहानमोठी कामे माणसाला थोडी थोडी पुन्हा धरायला लावायची. तीन महिन्यांनी त्यांतले शंभरांत ६४ पीएचक्यू-९ च्या दहा गुणांखाली आले. भेटी न मिळालेल्यांत ३९. शिवाय त्यांचे कामाचे खाडे कमी झाले, मरणाचे विचार कमी झाले, आणि बायकांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली. हिशेब केला तर दर चार जणांना हा उपचार दिला की एक जास्तीचा माणूस सावरतो. कोणाला हे थोडे वाटेल. पण रोजच्या दुखण्यांवरची कित्येक नावाजलेली औषधेही याहून फार मोठा हिशेब दाखवत नाहीत.

माप घेणारा कोण, यावरही बरेच अवलंबून असते. उसाचा काटा ज्याचा, वजनही त्याचेच, ही तक्रार आपल्या भागात नवी नाही. वरच्या प्रयोगांत उपचार करणाऱ्यांनी गुण मोजले नाहीत. ज्यांना कोणत्या रोग्याला काय मिळाले हे ठाऊक नव्हते, अशा वेगळ्या माणसांनी मोजले. डॉक्टरला आपला रोगी बरा दिसावा असे वाटते. रोग्यालाही डॉक्टरचे मन मोडवत नाही. घरच्यांना खर्च थांबावा असे वाटते. तिघेही खोटे बोलत नाहीत, तरी तिघांचेही माप थोडे झुकलेले असते.

आणि मोजायचे काय? त्याच २०१७ साली गोव्यातल्या दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांवरच्या प्रयोगाचा अहवालही आला. ज्यांना समुपदेशन मिळाले त्यांच्यातले शंभरांत ४२ जण, तपासणीच्या आधीचे चौदा दिवस एक थेंबही न घेता राहिले होते. ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात १८. फरक ठळक आहे. पण त्याच अहवालात हेही आहे की जे पीत राहिले त्यांचे पिण्याचे प्रमाण कमी झाले नाही, कामाचे खाडे कमी झाले नाहीत, आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. समुपदेशकाच्या वहीत यश आणि त्या बाईच्या घरात जैसे थे, असे होऊ शकते. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये. कोणाच्या दृष्टीने बरे, हे आधी विचारावे.

आमच्या ओळखीच्या एका घरातील गोष्ट सांगतो. वयस्क बाई, नवरा गेल्यापासून आजारी. मुलगा त्यांना घेऊन दवाखान्यात जाई. डॉक्टर विचारत, "कशा आहेत?" मुलगा सांगे, "बऱ्या आहेत, रडत नाहीत आता." गोळ्या तशाच चालू राहत. एकदा सून आमच्याशी बोलता बोलता म्हणाली, "फादर, आत्या रडायच्या थांबल्यात खऱ्या, पण दिवसभर झोपून असतात. चार महिन्यांत एकदापण परड्यात गेल्या नाहीत. आधी माझ्या हाताला एक भाजी येऊ द्यायच्या नाहीत." मुलाचे माप रडणे, सुनेचे माप परडे. पुढच्या वेळी सून सोबत गेली आणि तिने हेच सांगितले. डॉक्टरांनी गोळी बदलली, रात्रीची मात्रा कमी केली. पावसाळा संपता संपता त्या बाई विळा घेऊन परड्यात दिसू लागल्या. गुणांच्या कोष्टकात परड्याला जागा नाही, पण त्या घरापुरते तेच खरे माप होते.

ही गोष्ट तज्ज्ञांनाही ठाऊक आहे. लक्षणे किती आणि माणूस चालता-बोलता किती, ही दोन मापे ते वेगळी ठेवतात. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने तयार केलेल्या आयडियाज नावाच्या कोष्टकात चार बाबी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे व समजणे, आणि काम. त्यांत आजार किती काळाचा आहे हे मिळवून अपंगत्वाची टक्केवारी काढतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर सवलतींना पात्रता येते. येथे एक विचित्र पेच आहे: माणूस सुधारू लागला की टक्केवारी उतरते आणि दाखला जाईल या भीतीने घरचे लोक सुधारणा सांगायला कचरतात. त्यांना आम्ही दोष देत नाही; पण उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून तरी सुधारणा लपवू नये, कारण मात्रा त्यावर ठरते.

वेळेविषयीही सांगितले पाहिजे. उदासीनतेच्या गोळ्यांचा खरा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. बहुधा झोप आणि भूक आधी सुधारतात, मनाची गोडी शेवटी परतते. म्हणून दहाव्या दिवशी घेतलेल्या मापाला अर्थ नाही. उलट, पेरलेले उगवले म्हणून पाणी बंद करीत नाहीत, तसे बरे वाटल्यावरही गोळ्या निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि ज्याला आजार पुन्हा पुन्हा येतो त्याला अधिक काळ. बंद करायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू उतरवत. तीन महिन्यांचे माप आणि वर्षाचे माप सारखेच असेल असेही नाही. प्लिनी अर्ल यांनी दाखवलेली चूक हीच होती.

उपचारांचा जाच हाही फळाचाच भाग आहे. भ्रमाच्या आजारावरील काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ओलान्झापीनने, वजन भराभर वाढते आणि साखरही चढू शकते. आवाज ऐकू येणे थांबले पण सहा महिन्यांत बारा किलो वजन वाढले, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांपुढे मांडाव्यात. हात थरथरणे, तोंड कोरडे पडणे, दांपत्यजीवनातील अडचण, या गोष्टी लोक लाजेने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळ्या सोडतात.

घरी काय करता येईल? मुलांची जुनी वही घ्यावी आणि आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, एका पानावर थोडक्यात लिहावे. रात्री किती तास झोप झाली. जेवण नीट होते का. घरातले किंवा शेतातले कोणते काम स्वतःहून केले. कोणाशी बोलणे झाले का. गोळ्या किती दिवस चुकल्या. महिन्यातून एकदा वजन. आणि रोग्याने स्वतः सांगितलेली एक गोष्ट, जी त्याला पुन्हा करावीशी वाटते: बाजाराला एकटे जाणे असो, भजनी मंडळात पेटी वाजवणे असो, किंवा परडे. रोग्याला विचारून लिहावे, त्याच्या पाठीमागे नव्हे. एकाच माणसाने लिहिले तर माप सारखे राहते; मधूनमधून घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारून ताडून पाहावे. वाईट आठवडा आला तर घाबरून जाऊ नये, चार-सहा आठवड्यांची चाल बघावी.

एका बाबतीत मात्र सरासरी नाही, चाल नाही आणि वाट पाहणेही नाही. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार असल्याचे माणसाने सांगितले, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे, माणसाला एकटे सोडू नये, आणि घरातली कीटकनाशके कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. असे विचार आहेत का, हे विचारल्याने ते मनात येत नाहीत. उलट विचारल्याने बऱ्याच जणांना बोलता येते. सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य चालते आणि आपल्या भाषेत बोलता येते.

दवाखान्यात जाताना वही सोबत न्यावी. डॉक्टरांना वेळ कमी असतो, म्हणून शेवटच्या चार आठवड्यांची पाने आधीच उघडून ठेवावीत आणि "बरे आहे" म्हणण्याऐवजी ती पुढे करावीत. उपचार सुरू होताना किती गुण होते आणि आता किती आहेत, हेही विचारावे. ते सांगायला चांगला डॉक्टर कधी कुरकुरत नाही.